नाटकाची पदवी : तीन वर्षांत शिकवतात तरी काय?

नाट्यशास्त्राची पदवी म्हणजे बारावीनंतर तीन किंवा चार वर्षे विद्यापीठात पूर्णवेळ नाटक शिकणे. त्यात अभिनय असतोच, पण दिग्दर्शन, नाट्यलेखन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, वेशभूषा, रंगभूमीचा इतिहास आणि नाट्यसमीक्षा हेही तितकेच असते. महाराष्ट्रात या शिक्षणाचे नाव निघाले की पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातले ललित कला केंद्र आधी आठवते. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्रात संगीत, नृत्य आणि नाटक या तिन्ही विषयांत बी.ए. आणि एम.ए. करता येते. छत्रपती संभाजीनगरला मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे, पणजीला कला अकादमीत नाट्यशिक्षण मिळते. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ मध्ये निघाली; वामन केंद्रे तिचे पहिले संचालक. तिथला मुख्य अभ्यासक्रम मात्र पदवीनंतरचा आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाबद्दल, म्हणजे ‘एनएसडी’बद्दल, बारावीच्या मुलांचा हमखास गैरसमज असतो. तिथला तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदविकेचा असतो आणि त्याला प्रवेश घ्यायला आधी कुठल्याही शाखेची पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. बारावीनंतर थेट तिथे जाता येत नाही. सई परांजपे, रोहिणी हट्टंगडी, वामन केंद्रे ही तिथे शिकलेली मराठी नावे सर्वांना माहीत आहेत, म्हणून गोंधळ होतो इतकेच.

मराठीत या पदवीला एका अवघड प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. आधुनिक मराठी रंगभूमी ज्यांनी घडवली त्यातल्या बहुतेकांनी नाटकाचे औपचारिक शिक्षण घेतलेले नव्हते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यचिकित्सक, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. सतीश आळेकर पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे काम करत आणि रात्री तालमीला जात. पुढे याच आळेकरांनी १९९६ ते २००९ या काळात ललित कला केंद्राचे प्रमुखपद सांभाळले, म्हणजे पदवीशिवाय नाटककार झालेल्या माणसाने इतरांच्या नाट्यपदवीची घडी बसवली. या पिढ्यांची शाळा होती ती स्पर्धा. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासूनची, पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासूनचा. इंजिनिअरिंगच्या, मेडिकलच्या, कॉमर्सच्या मुलांनी लेक्चरला दांडी मारून तालमी करायच्या आणि चाळीस-पन्नास मिनिटांत सगळे पणाला लावायचे, ही महाराष्ट्राची जुनी रीत. ती वाईट नाही. पण स्पर्धेत निकाल लागतो, आणि निकाल लागतो म्हणून मुले जमणारेच करतात. न जमणारे करून पाहायला, ते फसले तर का फसले हे शोधायला आणि पुन्हा करायला जो वेळ लागतो तो स्पर्धेत मिळत नाही. पदवी देते तो हा वेळ.

त्याआधी शिक्षण होत असे ते मंडळीत. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले तिथपासून ते संगीत नाटकाच्या भरभराटीपर्यंत नट तयार झाले ते नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात. आठ-दहा वर्षांचा गोड गळ्याचा मुलगा कंपनीत येई. तो पोरसवदा भूमिका करी, मग स्त्रीभूमिका, आवाज फुटला की आणखी काही. शिकवायला तालीममास्तर असत. किर्लोस्कर मंडळीत गोविंद बल्लाळ देवल हे काम करत, आणि ते स्वतः मोठे नाटककार असल्याने त्यांची तालीम म्हणजे एक प्रकारचे नाट्यवाचनच होते. बालगंधर्व १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले ते याच व्यवस्थेत. तिचे बळ असे की नट रोज प्रेक्षकांसमोर उभा राही. उणीव अशी की तो जे शिके ते त्या कंपनीचेच असे; उच्चार, हातवारे, गाण्याची ढब, सगळे एका गुरूचे. १९३० च्या दशकात बोलपट आले, कंपन्या बुडाल्या आणि त्यांच्याबरोबर ही शाळाही बंद पडली.

विद्यापीठाने नाटक शिकवावे ही कल्पना जगातही फार जुनी नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेने १९१४ मध्ये नाटकाची पदवी सुरू केली. इंग्लंडमध्ये शेक्सपिअर इंग्रजीच्या वर्गात शिकवला जाई, पण नाटकाचा स्वतंत्र विद्यापीठ विभाग निघायला १९४७ उजाडले, तोही ब्रिस्टलला. त्याच सुमारास, १९४९ मध्ये, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात संगीत, नृत्य आणि नाट्याचे महाविद्यालय उभे राहिले. बडोद्याला संगीतशाळा होती ती सयाजीराव गायकवाडांच्या काळापासून, त्यामुळे तिथे जमीन तयार होती. गुजराती नाटककार चंद्रवदन मेहता यांचा तिथल्या नाट्यविभागाशी निकटचा संबंध होता. कोलकात्याचे रवींद्र भारती विद्यापीठ १९६२ चे, त्रिशूरचे कालिकत विद्यापीठाचे नाट्यविद्यालय १९७७ चे. राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ मध्ये संगीत नाटक अकादमीने काढले आणि १९६२ पासून पंधरा वर्षे इब्राहिम अल्काझी यांनी त्याला शिस्त लावली. वेळेवर येणे, कार्यशाळेत स्वतः खिळे ठोकणे, रंगमंच झाडणे हेही अभ्यासक्रमाचा भाग आहे असे मानणारी शिस्त. देशभरचे अनेक नाट्यशिक्षक तिथून बाहेर पडले आणि आपापल्या विद्यापीठांत तीच पद्धत घेऊन गेले. मराठी विभागांतही तिची छाप दिसते.

प्रवेशाला गुणपत्रिका पुरत नाही. लेखी चाचणी असते, पाठ केलेला उतारा करून दाखवायचा असतो, बहुतेक ठिकाणी गटात काही करायला लावतात आणि शेवटी मुलाखत होते. परीक्षक पाहतात ते पुष्कळदा इच्छुकांच्या लक्षातही येत नाही. ‘नटसम्राट’मधले स्वगत म्हणून दाखवणारे दरवर्षी असतात, अठरा वर्षांच्या मुलाने बेलवलकर करावा यात धाडस असते, पण त्याच्या स्वतःच्या आवाजाचा त्यात मागमूस नसतो. उतारा करून झाल्यावर परीक्षक सांगतात, आता हेच बसून, कुजबुजत कर. ज्याला सांगितलेले ऐकू येते आणि जो लगेच बदलू शकतो, त्याला शिकवता येते. नटाची चुणूक त्यानंतर पाहिली जाते.

पहिले वर्ष शरीर आणि आवाजाचे. सकाळी लवकर व्यायाम, योगासने, कुठे कलरिपयट्टू, कुठे लोकनृत्य. पडावे कसे, उचलावे कसे, स्तब्ध उभे कसे राहावे. स्तब्ध उभे राहणे नवख्यांना सर्वांत जड जाते. आवाजाच्या वर्गात श्वास, पट्टी, फेक आणि उच्चार येतात, आणि मराठी विभागांत इथे एक नाजूक गाठ असते. ‘चहा’मधला च आणि ‘चमचा’मधला च वेगळे आहेत हे पुण्याच्या मुलाला शिकवावे लागत नाही. गडचिरोलीच्या किंवा नांदेडच्या मुलाला घरच्या बोलीत ण नसेल तर ‘पाणी’ म्हणायला मुद्दाम शिकावे लागते. जुने शिक्षक त्याच्या बोलीला दोष समजून ती घासून काढायचे आणि मुलगा तीन वर्षे तोंड मिटून बसायचा. आता शहाणे शिक्षक प्रमाण उच्चार हे नटाचे एक साधन म्हणून शिकवतात आणि बोली हे दुसरे साधन म्हणून जपायला सांगतात. गंमत अशी की मालिका-सिनेमांत आज वऱ्हाडी आणि मराठवाडी बोलणाऱ्या नटांना मागणी आहे आणि पुण्याची मुले पैसे देऊन त्या बोली शिकतात.

नाटक वाचायला शिकणे हा पदवीचा गाभा आहे. प्रेक्षक नाटक बघतो, साहित्याचा विद्यार्थी त्याचा आशय सांगतो, नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र प्रत्येक ओळीला विचारावे लागते की इथे रंगमंचावर प्रत्यक्ष घडते काय. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे १९६७ साली अरविंद देशपांडे यांनी ‘रंगायन’साठी बसवले, सुलभा देशपांडे त्यात बेणारे होत्या. वर्गात ते घेतात तेव्हा भर येतो तो सुरुवातीच्या काही मिनिटांवर. गावातल्या एका हॉलचे दार उघडून सामंत आणि लीला बेणारे आत येतात. कडीत बोट सापडल्याने बेणारेचे बोट दुखते आहे. दाराची ही कडी नीट सरकवली नाही तर दार लागून आतला माणूस आत अडकतो, असे सामंत बोलता बोलता सांगून जातो. वाचकाच्या नजरेतून ही ओळ निसटते. पुढे खेळातल्या खटल्याचा खरा खटला होतो, बेणारे पळून जाऊ पाहते, आणि दार बाहेरून लागलेले असते.

या एका कडीवर आठवडा जातो. अभिनयाच्या वर्गात प्रश्न असा : बोट दुखते आहे आणि बाई खुशीत आहे, मग दुखणे किती दाखवायचे? जास्त दाखवले तर तिचा मोकळेपणा जातो, अजिबात नाही दाखवले तर कडीकडे कुणाचे लक्षच जात नाही. दिग्दर्शनाच्या वर्गात : दार रंगमंचाच्या कोणत्या बाजूला? मध्यभागी ठेवले तर बेणारे पळताना प्रेक्षकांकडे पाठ करते, बाजूला ठेवले तर मागच्या कोपऱ्यातल्या खुर्च्यांना ते दिसत नाही. नेपथ्याच्या वर्गात : प्लायचे हलके दार ढकलले की हलते आणि कैदेचा सगळा भास उडतो, चौकट मागून वजन देऊन बसवावी लागते. ध्वनीच्या वर्गात : कडीचा आवाज खरा वापरायचा की मुद्रित? विद्यार्थ्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळते की हे चारही प्रश्न एकच आहेत आणि त्याची उत्तरे देणाऱ्या चौघांना एकमेकांशी बोलावे लागणार. नाटकाचे शिक्षण इथे सुरू होते, असे म्हणायला हरकत नाही.

दुसऱ्या वर्षी हात काळे होतात. स्पॉट, फ्रेनेल आणि पार यांच्या उजेडात फरक काय, डिमर कसा हाताळायचा, कोणता जिलेटिन चेहऱ्यावर मारला की सावळा रंग राखेसारखा दिसतो, हे शिडीवर चढून शिकायचे असते. लेव्हल जोडणे, फ्लॅट उभे करणे, विंगेत अंधारात दिसेल अशी खडूची खूण करणे, रंगभूषेत स्पिरिट गमने दाढी चिकटवणे आणि ती ओढून न काढता सोडवणे. प्रत्येक विद्यार्थ्याला एखाद्या प्रयोगाची प्रॉम्प्ट कॉपी सांभाळावी लागते. वहीच्या एका पानावर संहिता चिकटवलेली, समोरच्या पानावर कोण कुठून कुठे गेला त्याचे बाण, दिव्यांचे आणि संगीताचे क्रमांक. ती इतकी पूर्ण हवी की वही ठेवणारा आजारी पडला तरी दुसऱ्याने प्रयोग चालवावा. अभिनयाच्या वेडाने आलेली मुले हे काम रडतखडत करतात. त्यातलीच काही पुढे आयुष्यभर प्रकाशयोजनाच करतात.

इतिहास आणि सिद्धान्त हे परीक्षेचे विषय म्हणून बदनाम आहेत, पण तो दोष शिकवण्याचा. भरताच्या नाट्यशास्त्रातले आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे अभिनयाचे चार प्रकार पाठ करून काही होत नाही. त्याच ग्रंथात मध्यम आकाराचे आयताकृती नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद असावे आणि त्याहून मोठे झाले तर नटाचे शब्द आणि चेहऱ्यावरचे भाव प्रेक्षकांपर्यंत पोचत नाहीत, असा विचार आहे. हे मोजून पाहिले आणि मग हजार खुर्च्यांच्या एखाद्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसून नाटक पाहिले की ग्रंथ समजतो. ॲरिस्टॉटल, स्तानिस्लाव्हस्की आणि ब्रेख्त हेही असतातच. ब्रेख्त मराठीत चांगला रुजल्याने शिकवायला सोपा जातो : विजया मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्यासोबत ‘अजब न्याय वर्तुळाचा’ केले, पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिले. त्यामुळे तमाशातल्या सोंगाड्याचे प्रेक्षकांशी थेट बोलणे आणि ब्रेख्तचे तंत्र शेजारी ठेवून पाहता येतात. दलित रंगभूमी, दशावतार, झाडीपट्टी, गोव्याचे तियात्र यांना आता अभ्यासक्रमांत जागा मिळू लागली आहे, ती अजून हवी तेवढी नाही.

कायद्याचा भागही असतो आणि तो रंजक आहे. नाटकांवर बंदी घालण्यासाठी इंग्रज सरकारने १८७६ साली कायदा केला आणि खाडिलकरांच्या ‘कीचकवध’वर तो चालवला. स्वातंत्र्यानंतरही तो केंद्राच्या कायद्यांच्या पुस्तकात राहिला आणि २०१८ च्या सुरुवातीला रद्द झाला. महाराष्ट्रात प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. १९७२ मध्ये ‘सखाराम बाइंडर’वरून कमलाकर सारंग या मंडळाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. नाटक करणाऱ्याला हे माहीत नसेल तर पहिल्याच प्रयोगाला त्याची धावपळ होते.

शेवटच्या वर्षी निर्मिती. विद्यार्थ्यांनी बसवलेल्या नाटकांचे प्रयोग तिकीट लावून वा न लावता होतात आणि बाहेरचे परीक्षक गुण देतात. गुण देणे हा या पदवीचा न सुटलेला प्रश्न आहे. फसलेला पण धीट प्रयोग आणि सफाईदार पण उसना प्रयोग यांत कुणाला किती द्यायचे? काही विभाग यावर तोडगा म्हणून प्रक्रियेची वही तपासतात : दिग्दर्शकाने काय ठरवले, काय बदलले, का बदलले. ही पद्धत बरी, कारण त्यात निदान विचार करणाऱ्याला न्याय मिळतो. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आता चौथे ऑनर्सचे वर्षही आले आहे. श्रेयांकांच्या हिशेबात सकाळचे व्यायाम आणि रात्रीच्या तालमी बसवताना विभागांची तारांबळ उडते. तालीम काही साठ मिनिटांच्या तासिकेत मावत नाही.

या शिक्षणाची सर्वांत मोठी उणीव पैशाच्या बाजूला आहे. व्यावसायिक रंगभूमीवर नटाला ‘नाईट’ मिळते, म्हणजे प्रयोगागणिक मानधन. प्रयोग रद्द झाला तर तेही नाही. नाट्यगृहाचे भाडे, जाहिरात, सेटचा टेंपो, कलाकारांच्या नाईट आणि बुकिंगवर जमलेला गल्ला यांचा ताळा कसा बसतो, हे पदवीत जेमतेम शिकवतात. लेखकाचे हक्क, अनुवादाची परवानगी, करार हेही तसेच. प्रयोगाला जीव देणारी मुले बाहेर पडून पहिल्याच निर्मात्याच्या तोंडी आश्वासनावर सहा महिने घालवतात. विभागांनी एखाद्या निर्मात्याला आणि एखाद्या नाट्यव्यवस्थापकाला पूर्ण सत्रभर वर्गात आणून बसवावे. त्याने कलेचे काही बिघडणार नाही.

पदवीनंतरचे रस्ते अनेक, पण रुंद कोणताच नाही. काही एम.ए. करतात, काही राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा प्रयत्न करतात. नाट्यविषयात ‘नेट’ होऊन महाविद्यालयात शिकवता येते, मात्र जागा थोड्या. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. मालिका आणि वेब मालिकांत सहायक दिग्दर्शक, संवादलेखक, कला विभागातले मदतनीस म्हणून पुष्कळांना काम मिळते. रोज चौदा तास सेटवर उभे राहायची सवय तीन वर्षांत झालेली असतेच. शाळांतून नाट्यशिक्षक नेमले जाऊ लागले आहेत. विदर्भातली झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतरच्या हंगामात रात्रभर चालते आणि तिथे तिकीट काढून गर्दी होते, तरी शहरी पदवीधर तिकडे फारसे वळत नाहीत. हा त्यांचाच तोटा आहे.

प्रवेश घेऊ पाहणाऱ्याने विभागाचे माहितीपत्रक वाचण्याआधी तिथे जाऊन काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. विभागाचा स्वतःचा रंगमंच आहे का, आणि तो विद्यार्थ्यांना रात्री वापरायला मिळतो का? गेल्या वर्षी विद्यार्थ्यांनी किती नाटके केली? दिव्यांची सामग्री विभागाची की भाड्याची? पूर्णवेळ शिक्षक किती? पदवी आहे की पदविका, आणि कुठल्या विद्यापीठाची? शक्य झाले तर विद्यार्थ्यांचा एक प्रयोग तिकीट काढून पाहावा आणि तो संपल्यावर विंगेत जाऊन सेट कोण उतरवतो आहे ते बघावे. मजुरांवर सोडून मुले निघून गेली असतील तर दुसरा विभाग शोधावा.